गावच्या ‘मॅसी’वर ज्याचं नाव आहे, त्याच माणसानं न घसरणाऱ्या गाडीचं स्वप्न पाहिलं होतं

पाऊस सुरू झाला की कोपरखैरणेतल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये एक विषय हमखास निघतो. नवी गाडी घ्यायची तर साधी घ्यायची की एडब्ल्यूडी, म्हणजे ऑल व्हील ड्राइव्ह? ठाणे-बेलापूर रोडवर रोज ऑफिसला जाणाऱ्याला त्याची गरज नसते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण इथल्या माथाडी वसाहतींपासून सेक्टरांमधल्या टॉवरपर्यंत कित्येकांचं गाव साताऱ्याकडे आहे. गणपतीला गावी जायचं म्हणजे आधी एक्सप्रेसवे, मग खंबाटकी घाट आणि शेवटी घराजवळचा तो चिखलाचा चढ. तिथं पुढची चाकं जागेवर फिरायला लागली की गाडीतले सगळे खाली उतरून धक्का मारतात आणि शेवटी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

त्या ट्रॅक्टरवर बऱ्याचदा नाव असतं मॅसी फर्ग्युसन. गावात सगळे त्याला नुसतं ‘मॅसी’ म्हणतात.

आता फर्ग्युसन म्हटलं की आपल्याला आधी पुण्याचं कॉलेज आठवतं. पण ते नाव मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचं. ट्रॅक्टरवरचा फर्ग्युसन वेगळा. त्याचं नाव हॅरी. गंमत म्हणजे, चिखलातून गाडी ओढून काढणाऱ्या ट्रॅक्टरवर त्याचं नाव आहेच, पण ती गाडी मुळात चिखलात अडकूच नये म्हणून आयुष्याची शेवटची दहा वर्षं आणि बक्कळ पैसा घालवणारा माणूसही तोच.

शेतकऱ्याचा पोरगा, पण शेतीचा कंटाळा

हॅरी फर्ग्युसनचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ चा. आयर्लंडच्या उत्तर भागात काउंटी डाउनमधलं ग्रोवेल नावाचं खेडं. वडील जेम्स शेतकरी, अकरा भावंडांत हॅरीचा नंबर चौथा. घरात धर्माचं वातावरण एकदम कडक. हॅरीचं त्याच्याशी कधी जमलं नाही आणि शेतातल्या राबण्याशी तर त्याहून नाही.

चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो शेतात जुंपला गेला. अंगानं किरकोळ असलेल्या या पोराला ते काम झेपत नव्हतं, आवडतही नव्हतं. कॅनडाला निघून जावं असा विचार त्याच्या डोक्यात होता. पण तोवर मोठा भाऊ जो यानं बेलफास्टमध्ये सायकली आणि मोटारी दुरुस्त करायचं गॅरेज टाकलं होतं. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला हॅरी त्या गॅरेजमध्ये दाखल झाला आणि त्याला त्याची जागा सापडली. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड ओळखण्यात तो पटाईत झाला. गॅरेजची जाहिरात व्हावी म्हणून मोटारसायकली आणि मोटारींच्या शर्यतींत उतरायला लागला.

१९०९ मध्ये त्याच्या डोक्यात विमानाचं खूळ शिरलं. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. हॅरीनं विमानांचे मेळावे पाहिले, मोजमापं टिपून घेतली आणि बेलफास्टला परत येऊन स्वतःचं विमान बांधायला घेतलं. ३१ डिसेंबर १९०९ रोजी, वाऱ्याचा जोर असताना, हिल्सबरोच्या मैदानावरून ते विमान जमीन सोडून सुमारे १३० यार्ड गेलं. म्हणजे साधारण १२० मीटर. आयर्लंडमधलं ते पहिलं विमान उड्डाण होतं आणि पायलटचं वय होतं पंचवीस.

पुढं भावाशी पटेना, म्हणून १९११ मध्ये त्यानं बेलफास्टमध्येच स्वतःचा मोटारींचा धंदा सुरू केला. तिथं त्याला विली सँड्स नावाचा मेकॅनिक मिळाला. हॅरीच्या डोक्यातल्या कल्पना लोखंडात उतरवायचं काम पुढची कित्येक वर्षं सँड्सनं केलं. १९१३ मध्ये हॅरीनं मॉरीन वॉटसनशी लग्न केलं.

ट्रॅक्टर उलटायचे आणि माणसं मरायची

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ब्रिटनमध्ये धान्याची टंचाई झाली. घोडे आणि माणसं दोन्ही युद्धावर गेलेले. सरकारला ट्रॅक्टरनं नांगरणी वाढवायची होती. हॅरी तेव्हा अमेरिकन ट्रॅक्टर विकत होता. १९१७ मध्ये आयर्लंडच्या कृषी खात्यानं त्याच्यावर काम सोपवलं, की गावोगावी फिरून शेतकऱ्यांना ट्रॅक्टर नीट वापरायला शिकव. हॅरी आणि सँड्स गावं पालथी घालायला निघाले.

फिरताना त्यांना खरी अडचण दिसली. तेव्हाचा ट्रॅक्टर म्हणजे लोखंडी घोडा. मागं नांगर साखळीनं किंवा हुकानं बांधायचा आणि ओढत न्यायचा. यात दोन भानगडी होत्या. एक म्हणजे, हलका ट्रॅक्टर जागेवरच चाकं फिरवत बसायचा. चाकं घसरू नयेत म्हणून ट्रॅक्टर जड करायचा, तर त्या वजनानं माती दबून घट्ट व्हायची. दुसरी भानगड जीवघेणी. नांगर जमिनीतल्या खडकाला अडकला की मागची चाकं थांबायची, पण इंजिन फिरवतच राहायचं. मग ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जायचं आणि अख्खा ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटायचा.

हॅरीनं ठरवलं, की नांगर आणि ट्रॅक्टर या दोन वेगळ्या वस्तू राहताच कामा नयेत. त्यानं नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जोडला. खाली दोन, वर एक. सोबतीला हायड्रॉलिक लिफ्ट दिली. नांगरावर मातीचा जोर वाढला की वरची दांडी पुढं ढकलली जाते. तो दाब ट्रॅक्टरचं तोंड खाली ठेवतो, त्यामुळे ट्रॅक्टर उठत नाही. त्याच दांडीच्या ढकलण्यानं हायड्रॉलिकचा व्हॉल्व्ह हलतो, लिफ्ट नांगराला किंचित वर धरते आणि नांगराचं ओझं मागच्या चाकांवर येतं. ओझं वाढलं की पकड वाढते. म्हणजे काम जितकं जड, तितकी चाकांची पकड जास्त, आणि तीही ट्रॅक्टरचं वजन न वाढवता.

या पद्धतीचं महत्त्वाचं पेटंट १९२६ चं. आज आपल्याकडे महिंद्रा घ्या, स्वराज घ्या नाहीतर मॅसी घ्या, मागची ती तीन दांड्यांची जोडणी सगळीकडे दिसते. रोटाव्हेटर काढून पलटी नांगर लावताना ज्या टॉप लिंकची पिन काढावी लागते, ती हॅरीची वरची दांडी.

हे सगळं चालकानं काही न करता आपोआप व्हायचं, ही यातली मोठी गोष्ट. हॅरीच्या डोक्यात एक सूत्र पक्कं बसलं: पकड कमी पडते तेव्हा माणसाच्या कौशल्यावर अवलंबून राहायचं नाही, यंत्रानंच सांभाळून घ्यायचं.

फोर्डशी हात मिळवला आणि मग कोर्ट

हॅरीनं १९३३ मध्ये आपला पहिला ट्रॅक्टर बनवला. काळ्या रंगामुळे तो ब्लॅक ट्रॅक्टर म्हणूनच ओळखला जातो. १९३६ मध्ये त्यानं डेव्हिड ब्राउनसोबत ट्रॅक्टर बाजारात आणला, पण दोघांचं फार काळ जमलं नाही. मग ऑक्टोबर १९३८ मध्ये हॅरी ट्रॅक्टर घेऊन थेट अमेरिकेला, हेन्री फोर्डकडे गेला. फोर्डच्या शेतावर नांगरणीचं प्रात्यक्षिक झालं. फोर्ड स्वतः शेतकऱ्याचा मुलगा. त्याला पाहताक्षणी कळलं, की हे काहीतरी वेगळं आहे.

दोघांनी तिथंच हात मिळवले. वकील नाहीत, कागद नाही, नुसता शब्द. १९३९ मध्ये फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टर बाजारात आला आणि १९४७ पर्यंत असे तीन लाखांहून जास्त ट्रॅक्टर बनले.

पण शब्दाचा व्यवहार शब्द देणाऱ्यांपुरता असतो. १९४७ मध्ये हेन्री फोर्ड वारला. त्याच्या आधीच सूत्रं नातवाच्या, म्हणजे हेन्री फोर्ड दुसरा याच्या हातात आली होती. नातवाला त्या व्यवहारात कंपनीचा तोटा दिसत होता. त्यानं करार संपवला आणि जवळपास त्याच रचनेचा ट्रॅक्टर स्वतःच्या नावानं काढला. हॅरीनं जानेवारी १९४८ मध्ये दावा ठोकला तब्बल २५ कोटी १० लाख डॉलर्सचा. खटला चार वर्षं चालला. एप्रिल १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलर्सवर तडजोड झाली. मागितल्याच्या मानानं रक्कम छोटी होती, पण जगातल्या एका बलाढ्य कंपनीला त्याच्या रचनेचे पैसे मोजावे लागले.

दरम्यान हॅरी थांबला नव्हता. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत १९४६ पासून त्याचा टीई-२० हा छोटा करड्या रंगाचा ट्रॅक्टर बनायला लागला. दहा वर्षांत असे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर बनले. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोचला, तो हेच ट्रॅक्टर घेऊन.

१९५३ मध्ये हॅरीनं आपली कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिसला दिली. किमतीत दहा लाख डॉलर्सचा फरक पडत होता, तर त्यानं नाणं उडवून निकाल लावायचा प्रस्ताव ठेवला. नाणं उडालं आणि हॅरी हरला. एवढी रक्कम त्यानं नाण्यावर सोडून दिली. पुढं १९५८ मध्ये कंपनीचं नाव मॅसी फर्ग्युसन झालं. १९६० मध्ये मद्रासमध्ये टॅफे कंपनी स्थापन झाली आणि तिच्यामार्फत हे ट्रॅक्टर आपल्याकडे बनायला लागले.

आता मुद्दा गाडीचा

पैसा आला, नाव झालं, वय सत्तरीकडे झुकलं. इथं कुणीही आराम केला असता. हॅरीनं मात्र ट्रॅक्टर सोडून मोटारीकडे मोर्चा वळवला. १९५० च्या सुमारास त्यानं हॅरी फर्ग्युसन रिसर्च ही कंपनी काढली. सोबत होते फ्रेडी डिक्सन आणि टोनी रोल्ट हे दोन शर्यतपटू. रोल्ट तर दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कोल्डिट्झ किल्ल्यात कैदी होता. पुढं ॲस्टन मार्टिनमध्ये काम केलेला इंजिनियर क्लॉड हिल त्यांना येऊन मिळाला.

त्यांना बनवायची होती एक साधी घरगुती गाडी, जिचं कुठलंच चाक एकटं घसरणार नाही. ना वेग घेताना, ना ब्रेक मारताना.

यात अवघड काय होतं, ते समजून घ्यायला थोडं गाडीच्या खाली जावं लागेल.

गाडी वळते तेव्हा चारही चाकं सारखं अंतर कापत नाहीत. बाहेरच्या बाजूचं चाक जास्त फिरतं आणि पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात. म्हणून चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू द्यावं लागतं. ते काम करतो डिफरन्शियल.

डिफरन्शियल म्हणजे बैलगाडीचं जू समजा. जू मधोमध दांडीला बांधलेलं असतं आणि थोडं फिरू शकतं, त्यामुळे एक बैल पाऊलभर पुढं गेला तरी बिघडत नाही. पण एका बैलाचा पाय चिखलात सटकला तर? जू त्याच्या बाजूनं मागं कलतं आणि दुसरा बैल कितीही दणकट असला तरी त्याची ताकद वाया जाते. जू दोघांकडून सारखीच ओढ घेऊ शकतं. म्हणजे कमजोर जितकं ओढेल, तितकंच बलवान.

गाडीतही हेच होतं. साधा डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद देतो. एक चाक चिखलात असेल तर त्याला फिरवायला ताकदच लागत नाही. मग कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढीच, म्हणजे जवळपास शून्य ताकद मिळते. गाडी तिथल्या तिथं.

जुन्या जीपचा यावर सोपा उपाय होता. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, त्या जीपमध्ये पुढच्या चाकांसाठी वेगळा लिव्हर असायचा. लिव्हर टाकला की आत दातेरी डॉग क्लच अडकायचा आणि पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधला जायचा. म्हणजे जू दांडीला दोरखंडानं करकचून बांधल्यासारखं. चिखलात हे झकास चालतं. पण कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना पुढच्या-मागच्या चाकांना वेगळं फिरायचं असतं आणि शाफ्ट फिरू देत नाहीत. गाडी आखडते, टायर घासतात, गिअरवर ताण येतो. म्हणून लिव्हर कधी टाकायचा आणि कधी काढायचा, हे चालकाला कळावं लागतं.

हॅरीला नेमकं हेच नको होतं.

क्लच मध्ये पडला

त्याच्या टीमनं पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये एक डिफरन्शियल ठेवला आणि त्याला क्लचची जोड दिली. वळणावर लागतो तेवढा गतीतला छोटा फरक हे क्लच चालू द्यायचे. पण फरक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, म्हणजे कुठली तरी चाकं घसरताहेत असं झालं, की क्लच पकडायचे आणि पुढची-मागची बाजू एकत्र बांधली जायची. संकट सरलं की पुन्हा मोकळी. चालकाला पत्ताही लागायचा नाही. ही रचना फर्ग्युसन फॉर्म्युला म्हणून ओळखली जाते.

क्लच टॉर्क नेमका कसा पोचवतो? तुमच्या बाइकचा क्लच आठवा. गॅरेजवाल्यानं क्लचप्लेट गेल्यात म्हणून बिल हातात दिलं असेल, तर त्या प्लेट तुम्ही पाहिल्या असतील. एकाआड एक अशी चकत्यांची चवड. निम्म्या चकत्या इंजिनाकडे, निम्म्या चाकाकडे. चवड सैल असली की दोन्ही बाजू आपापल्या फिरतात. दाबली की घर्षणामुळे एक बाजू दुसरीला ओढून नेते. किती टॉर्क जाणार हे चार गोष्टींवर ठरतं: दाब किती, घर्षण किती, चकत्यांचा व्यास किती आणि चकत्या किती. दाब दुप्पट केला की पोचवता येणारा टॉर्कही दुप्पट.

क्लच घसरत असेल तर टॉर्क नेहमी जास्त वेगानं फिरणाऱ्या बाजूकडून कमी वेगानं फिरणाऱ्या बाजूकडे जातो. जे चाक उधळलंय, त्याच्याकडून काढून घ्यायचं आणि जे जमीन धरून आहे, त्याला द्यायचं. न घसरणाऱ्या गाडीचं गणित इथंच सुटायला लागतं.

अर्थात हे फुकट होत नाही. क्लच घसरताना ३०० न्यूटन-मीटर टॉर्क नेत असेल आणि दोन्ही बाजूंमध्ये मिनिटाला १०० फेऱ्यांचा फरक असेल, तर सुमारे ३ किलोवॅट उष्णता तयार होते. म्हणजे घरातले दीड गीझर त्या छोट्या डब्यात चालू आहेत असं समजा. म्हणून अशा क्लचच्या प्लेट तेलात बुडालेल्या असतात आणि म्हणूनच ते घसरत्या अवस्थेत फार वेळ टिकत नाहीत.

फर्ग्युसनच्या गाडीत ब्रेकचाही विचार होता. पुढची-मागची चाकं क्लचमुळे बांधलेली असल्यानं जोरात ब्रेक दाबला तरी एकच जोडी आधी जाम व्हायची नाही. त्यावर डनलॉप कंपनीची मॅक्सारेट ही विमानांतली अँटी-लॉक ब्रेकची यंत्रणा बसवली. आज आपण ज्याला एबीएस म्हणतो, त्याचा हा पूर्वज. १९५० च्या दशकात एका घरगुती गाडीत चारचाकी ताकद आणि अँटी-लॉक ब्रेक दोन्ही!

गाड्या बनल्या, चालल्या, पाहणारे थक्क झाले. पण मोठ्या कंपन्यांपैकी कुणीच ही रचना उचलली नाही. खर्च जास्त, वजन जास्त, आणि गिऱ्हाईक सुरक्षिततेसाठी जादा पैसे मोजेल यावर कुणाचा भरवसा नव्हता. ट्रॅक्टरच्या वेळी शेतकऱ्याला शेतात नेऊन दाखवलं की त्याला पटायचं. इथं मात्र न झालेला अपघात दाखवायचा कसा?

हॅरीला आधीपासून निद्रानाशाचा आणि नैराश्याचा त्रास होता. २५ ऑक्टोबर १९६० रोजी इंग्लंडमधल्या राहत्या घरी तो गेला. वय पंचाहत्तर. त्याच्या फॉर्म्युल्याची एकही गाडी तोवर शोरूमला लागली नव्हती.

अकरा महिन्यांनी पाऊस पडला

हॅरीच्या टीमनं आपली रचना जगाला दाखवायला एक रेसिंग कार बांधली होती, फर्ग्युसन पी-९९. हॅरी गेल्यावर ती ट्रॅकवर उतरली.

२३ सप्टेंबर १९६१. इंग्लंडमधल्या ओल्टन पार्कला फॉर्म्युला वनच्या गाड्यांची गोल्ड कप शर्यत. ट्रॅक ओला. स्टिअरिंगवर होता स्टर्लिंग मॉस. बाकीच्यांची चाकं ओल्या वळणांवर सटकत असताना मॉसची गाडी जमीन धरून पळत राहिली आणि जिंकली. शर्यत जागतिक स्पर्धेच्या गुणांसाठी नव्हती, पण फॉर्म्युला वनची शर्यत जिंकणारी ती आजवरची एकमेव चारचाकी ताकदीची गाडी आहे.

१९६६ मध्ये जेन्सन एफएफ ही गाडी लंडनच्या प्रदर्शनात आली. फर्ग्युसन फॉर्म्युला आणि मॅक्सारेट ब्रेक घेऊन विक्रीला आलेली पहिली गाडी. नावातला एफएफ म्हणजे फर्ग्युसन फॉर्म्युला. पण ती इतकी महाग होती की १९७१ पर्यंत फक्त ३२० बनल्या.

टोनी रोल्टनं मात्र काम सोडलं नाही. त्यानं १९७१ मध्ये एफएफ डेव्हलपमेंट्स ही कंपनी काढली आणि व्हिस्कस कपलिंग पुढं नेलं. यातही चकत्यांची चवडच असते, पण चकत्या एकमेकींना टेकत नाहीत. मध्ये घट्ट सिलिकॉन द्रव असतो. दोन्ही बाजू सारख्या फिरत असल्या की द्रव शांत, फरक वाढला की तो चिकट काकवीसारखा एका बाजूला दुसरीबरोबर खेचतो. १९८० च्या एएमसी ईगल या अमेरिकन गाडीत हे कपलिंग बसलं आणि हॅरीची साध्या लोकांसाठीची चारचाकी गाडी रस्त्यावर आली. त्याला जाऊन वीस वर्षं झाली होती.

आज तुमच्या गाडीत काय असतं?

आजच्या बहुतेक शहरी एडब्ल्यूडी एसयूव्हींमध्ये ताकद नेहमी पुढच्या चाकांना जाते. एक शाफ्ट मागं येतो आणि मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी चकत्यांचा क्लच असतो. तो दाबायला इलेक्ट्रोमॅग्नेट किंवा तेलाचा पंप, आणि किती दाबायचा हे ठरवायला कम्प्युटर. चाकांची गती, ॲक्सिलरेटर आणि स्टिअरिंग बघून तो सेकंदाच्या छोट्याशा भागात निर्णय घेतो. हॅरीच्या क्लचना चाक घसरल्यावर कळायचं, आजचा कम्प्युटर बऱ्याचदा घसरण्याआधीच क्लच दाबून ठेवतो.

म्हणून अशी गाडी घेताना किंवा वापरताना काही गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

पहिली गोष्ट, चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले असावेत. पुढं नवे आणि मागं गुळगुळीत असे टायर टाकले तर सरळ रस्त्यावरही दोन्ही बाजूंच्या गतीत फरक राहतो. क्लच सतत घासतो, तापतो आणि मग मोठं बिल येतं.

दुसरी, चिखलात अडकल्यावर ॲक्सिलरेटर दाबून धरू नका. क्लच जास्त तापला की बऱ्याच गाड्यांत तो स्वतःला वाचवायला मोकळा होतो आणि नेमक्या वेळी तुमची एडब्ल्यूडी साधी टू-व्हील ड्राइव्ह होऊन बसते.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची. क्लच टॉर्क इकडून तिकडे नेतो, जमिनीची पकड तयार करत नाही. पकड टायरची असते. ओल्या खंबाटकी घाटात एडब्ल्यूडी गाडी चढताना छान पळेल, पण उतरताना ब्रेक दाबल्यावर ती शेजारच्या साध्या गाडीपेक्षा लवकर थांबणार नाही. चढताना आलेला आत्मविश्वास उताराला घात करतो. हॅरीनं चारचाकी ताकदीसोबत अँटी-लॉक ब्रेकचा हट्ट धरला होता तो त्यामुळेच. नुसती ताकद वाटून भागत नाही, हे त्याला १९५० च्या दशकातच कळलं होतं.

या गणपतीला गावी जाल तेव्हा शेजाऱ्याच्या मॅसीच्या मागं जाऊन त्या तीन दांड्या नीट बघा. नांगर जड झाला की चाकाची पकड आपोआप वाढवणारी ती रचना आणि तुमच्या एसयूव्हीच्या पोटातली ती तेलात बुडालेली चकत्यांची चवड, दोन्हींच्या मुळाशी शेतीला कंटाळून घर सोडलेल्या त्याच पोराचा विचार आहे.